सायबरला कोटी कोटी मंजूर होतात, मग आमच्या केसचा मोबाईल अजून लॅबमध्येच का?

ताई, तुमचा प्रश्न दोन-तीनदा नीट वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या या ताईंच्या नववीतल्या भाचीचे फोटो कुणीतरी मॉर्फ करून, म्हणजे कॉम्प्युटरवर बदलून, फेक अकाउंटवरून फिरवले, गुन्हा दाखल झाला, एका मुलाचा मोबाईल जप्त झाला आणि आता चार महिने होत आले तरी विचारायला गेलं की 'मोबाईल लॅबला गेलाय, रिपोर्ट आला की बघू' एवढंच ऐकू येतं. इकडे पेपरात सायबरसाठी शेकडो कोटी अशा बातम्या. मग हे पैसे जातात कुठे, सोसायटीतल्या पालकांनी वर्गणी काढून पोलिसांना एखादं सॉफ्टवेअर घेऊन दिलं तर चालेल का, आणि आमदारांना निवेदन द्यायचं तर त्यात मागायचं नेमकं काय, असं त्यांनी विचारलंय.

मी खात्यात २८ वर्षं काढली, त्यातली शेवटची साडेसहा सायबरला, उत्तर महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांत. आता रिटायर होऊन इंदिरानगरला असतो आणि शाळांमधून पालकांशी बोलतो. तपासही केलाय आणि निधीचे प्रस्तावही स्वतः बसून लिहिलेत, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत. तुमच्या केसची फाईल मी बघितलेली नाही, त्यामुळे तिथं नेमकं काय अडलंय ते मी सांगू शकणार नाही, लॅबमध्ये रांग असेल, मोबाईलचा लॉक उघडत नसेल, किंवा तपास अधिकाऱ्याची बदली झाली असेल, कारण काहीही असू शकतं. पण अशा केसेस ज्या ठिकाणी अडकतात त्या जागा मला तोंडपाठ आहेत.

आधी मूळ दुखणं सांगतो. आपल्याकडे मुलांवरच्या ऑनलाईन गुन्ह्यांच्या तपासाला पैसा येतो तो बहुतेक वेळा एकदाच येतो आणि वस्तूंसाठी येतो, म्हणजे बिल्डिंग, मशीन, कॉम्प्युटर, उद्घाटन. तपासाला मात्र दर महिन्याला पैसा लागतो. निफाड-दिंडोरीकडचा कुणीही बागायतदार तुम्हाला हे समजावून सांगेल, द्राक्षबाग उभी करायला अँगल, तारा, ठिबक, रोपं यासाठी कर्ज मिळून जातं, पण एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, फवारण्या, मजुरी हा खर्च दर वर्षी असतो आणि तो एक वर्ष जरी चुकला तरी बाग हातातून जाते. सायबर तपासाचं अगदी असंच आहे. बाग लावायला पैसे आले, छाटणीला आले नाहीत.

आता कोटी कुठे गेले ते बघू, कारण ते खोटे नाहीत. २०१३ साली केंद्रानं निर्भया फंड काढला, त्यातून पुढे महिला आणि मुलांवरच्या सायबर गुन्ह्यांसाठी गृह मंत्रालयाची एक वेगळी योजना आली आणि तिच्यातून सगळ्या राज्यांना मिळून शंभर कोटींच्या वर रुपये वाटले गेले. त्यातून राज्याराज्यात सायबर फॉरेन्सिक कम ट्रेनिंग लॅब झाल्या, कंत्राटी सायबर कन्सल्टंट घेतले गेले, पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीशांची ट्रेनिंगं झाली. नॅशनल सायबर क्राइम पोर्टल सुरुवातीला २०१८ मध्ये फक्त लहान मुलांच्या अश्लील व्हिडिओ-फोटोंच्या आणि बलात्काराच्या व्हिडिओंच्या तक्रारींसाठीच होतं, २०१९ मध्ये ते सगळ्या सायबर गुन्ह्यांसाठी खुलं झालं. राज्यानं आपला ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला, त्याचं केंद्र नवी मुंबईत महापेला आहे, १९४५ ही हेल्पलाईन त्याचीच. शिवाय पोलीस आधुनिकीकरणाची जुनी योजना आहे, तिच्यात आपल्या राज्यासाठी ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असा वाटा असतो. फॉरेन्सिक लॅबसाठी केंद्रानं २०२४ च्या जूनमध्ये २२५४ कोटींची पाच वर्षांची योजना मंजूर केलीय, ती सगळ्या देशासाठी आहे.

म्हणजे पैसा आहे. पण यातला बराचसा दिल्ली किंवा महापेच्या पातळीवर, सर्व्हर, कंट्रोल रूम, मोठी सॉफ्टवेअरं, कॉल सेंटर यात जातो, आणि ते चुकीचं नाही, त्या गोष्टी मध्यवर्तीच असायला हव्यात. फक्त सिडकोतल्या मुलीचा जबाब जो अधिकारी घेतो आणि आरोपीचा मोबाईल जो हवालदार सील करतो, त्यांच्या टेबलापर्यंत त्यातलं काय आणि किती झिरपतं, ते बघायला हवं.

एक तपास खालून वर कसा जातो ते सांगतो म्हणजे खर्च कुठे कुठे होतो ते दिसेल. समजा टिप अमेरिकेतून आली. तिथल्या कायद्यानं गुगल, मेटा वगैरे कंपन्यांना मुलांचे अश्लील फोटो-व्हिडिओ दिसले की एनसीएमईसी नावाच्या, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेला कळवावंच लागतं. आपल्या एनसीआरबीनं, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागानं, २०१९ मध्ये त्या संस्थेशी करार केला, तेव्हापासून भारताशी जोडलेल्या टिप्स राज्यांकडे येतात, राज्याकडून जिल्ह्याकडे. २०२३ या एका वर्षात त्या संस्थेकडे जगभरातून ३ कोटी ६२ लाख रिपोर्ट आले आणि त्यातले जवळजवळ ८९ लाख भारताशी जोडलेले होते. हा आकडा वाचून घाबरू नका, एकच फाईल हजार जणांनी फॉरवर्ड केली की हजार रिपोर्ट होतात आणि कितीतरी रिपोर्टमध्ये तपास करण्यासारखं काही नसतं. पण नसतं हे ठरवायला तरी कुणीतरी माणूस बसून ते वाचायला लागतो ना. त्या लाखोंमध्ये एखादा रिपोर्ट असा असतो की ज्यात मूल आत्ता, या क्षणी, त्रास देणाऱ्याच्याच घरात आहे. तो वेगळा काढणं हे सगळ्यात अवघड काम आणि ते मशीन पूर्णपणे करत नाही.

टिपमध्ये असतो आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर, आणि वेळ. ती वेळ असते यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. मी ज्या युनिटला होतो तिथं एकदा नवीन आलेल्या मुलानं ती वेळ तशीच टाकून इंटरनेट कंपनीला पत्र पाठवलं, कंपनीनं त्या वेळेला तो आयपी ज्याच्याकडे होता त्याचं नाव दिलं आणि आम्ही एका निवृत्त शिक्षकाच्या दारात उभे राहिलो. गल्लीतल्या लोकांनी बघितलं. चूक दोन तासांत लक्षात आली, माफी मागितली, पण त्या माणसाच्या बायकोचा चेहरा मला आजही आठवतो. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला अकरा दिवसांपूर्वी ट्रॅफिकमधून आणून बसवलं होतं आणि शिकवायला कुणी नव्हतं. मोबाईल इंटरनेटला तर एकच आयपी एका वेळी शेकडो लोक वापरत असतात, त्यातला नेमका कोण हे सांगणारा पोर्ट नंबर नसेल तर माणूस सापडतच नाही, आणि पत्रात पोर्ट नंबर मागायचा असतो हे माहीत असायला लागतं. ट्रेनिंगवर खर्च का करायचा असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

बरं, नाव सापडलं, घर सापडलं, झडती झाली. आता नवीन कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायलाच लागतं, म्हणजे कॅमेरा, मेमरी, ते साठवायची जागा. जप्त केलेल्या मोबाईलची किंवा लॅपटॉपची जशीच्या तशी कॉपी काढायची, तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, काढायची म्हणजे नंतर कुणी बदल केला असं म्हणता येऊ नये, मग साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नवीन कायद्याच्या, कलम ६३ चं सर्टिफिकेट, ते दोन भागात असतं आणि दुसरा भाग तज्ज्ञाच्या सहीचा. एका घरातून तीन मोबाईल, एक लॅपटॉप आणि जुन्या दोन हार्ड डिस्क निघाल्या की कॉपीसाठी दोन-तीन कोऱ्या मोठ्या डिस्क लागतात. त्या कुठून आणायच्या? मी असे दिवस बघितलेत की ज्यात तक्रारदारालाच सांगितलं गेलं, 'एक हार्ड डिस्क घेऊन या'. ज्या आईचं मूल त्रासात आहे तिला डिस्क आणायला सांगायची, हे सांगताना माझ्या स्टाफची मान खाली जायची. डिस्कची किंमत काही हजार असते हो, कोटींचा प्रश्नच नाही, पण त्या काही हजारांसाठी दर वेळी कोटेशन, मंजुरी, बिल, आणि मार्चमध्ये निधी लॅप्स.

मशीनचं तर विचारू नका. मोबाईलमधला डेटा काढायची जी परदेशी बनावटीची साधनं असतात त्यांचं लायसन्स वर्षाचं असतं आणि ते रिन्यू करायला काही लाख लागतात. मशीन एका योजनेतून येतं, पहिल्या वर्षाचं लायसन्स त्यातच असतं, दुसऱ्या वर्षी योजना संपलेली असते. एका जिल्ह्यात, नाव लिहीत नाही, असं मशीन आठ महिने कपाटात होतं. चालू होत होतं, पण नवीन मॉडेलचे फोन त्याला ओळखू येत नव्हते कारण अपडेट बंद. कागदावर त्या जिल्ह्याकडे सुविधा उपलब्ध होती. मग तोच फोन फॉरेन्सिक लॅबला पाठवायचा आणि रांगेत उभं राहायचं.

लॅबबद्दल लोक फार चिडतात म्हणून त्यांची बाजूही सांगतो. नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, पण तिच्याकडे काही आपल्या एकट्या शहराचं काम येत नाही. त्यात १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं अशी तरतूद आली, ती टप्प्याटप्प्यानं लागू होणार असली तरी माणसं तेवढीच राहिली तर जो टेबलावर बसून मोबाईल तपासत होता तोच आता गाडीत बसून घटनास्थळी जाणार. तरतूद चांगलीच आहे. तिच्या मागे पदं भरायला हवीत.

प्रवासाचं मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. आरोपी कितीतरी वेळा परराज्यात असतो. अधिकारी, दोन अंमलदार, गरज पडली तर महिला अंमलदार, रेल्वेची तिकिटं, तिथं चार दिवस राहणं, ट्रान्झिट रिमांड म्हणजे आरोपीला आपल्याकडे आणायची तिथल्या कोर्टाची परवानगी, आरोपीला घेऊन परत. ॲडव्हान्स वेळेत मिळाला तर ठीक, नाहीतर स्वतःच्या खिशातून जायचं आणि मग प्रवासखर्चाचं टीए बिल टाकायचं. मोठ्या रकमेचा फ्रॉड असेल तर फिर्यादी रोज फोन करतो, वरून फोन येतात, टीम निघते. चौदा वर्षांच्या मुलीच्या फोटोसाठी फोन करणारं कुणी नसतं, घरचे उलट लाजेनं गप्प असतात. म्हणून पैसा तुटपुंजा असला की आधी कात्री लागते ती मुलांच्या केसेसना. कुणी मुद्दाम नाही करत, पण होतं तसंच, आणि याचा मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा.

माणसांचा मुद्दा मात्र पैशाइतकाच मोठा आहे. आयटी ॲक्टच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरच्याच अधिकाऱ्यानं करायचा असतो. कलम ६७ ब, म्हणजे मुलांचं अश्लील साहित्य बनवणं, बघणं, पसरवणं, हे त्यातच येतं. म्हणजे हाताशी पीएसआय, एपीआय कितीही हुशार असला तरी सही आणि जबाबदारी पीआयची, म्हणजे इन्स्पेक्टरची, आणि पीआय एका पोलीस स्टेशनला असतात किती. त्यात बंदोबस्त, व्हीआयपी दौरे, गणपती, निवडणुका. आणि आता २०२७ चा सिंहस्थ. २०१५ च्या कुंभात मी रामकुंडावर बंदोबस्ताला होतो, महिनाभर फाईल उघडलेली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. बंदोबस्त लागणारच, लाखो लोक गोदेवर येतात तिथं जीव वाचवणं हे पहिलं काम. पण आत्तापासून कुणीतरी विचारायला हवं की त्या काळात सायबरचे किती लोक जागेवर राहणार.

अमेरिकेचं उदाहरण तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून देतो. तिथं १९९८ पासून मुलांवरच्या इंटरनेट गुन्ह्यांसाठी वेगळी टास्क फोर्स पद्धत आहे, आता अशा ६१ टास्क फोर्स आहेत, केंद्र सरकारचं अनुदान दर वर्षी मिळतं आणि २००८ मध्ये त्याला कायद्याचा आधार दिला गेला. पण त्यांनाही तो पैसा पुरेना, म्हणून काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले, 'ॲलिशियाज लॉ' म्हणून ओळखले जातात. २००२ मध्ये ज्या तेरा वर्षांच्या मुलीला ऑनलाईन ओळख काढून पळवून नेलं होतं तिनंच मोठी होऊन त्यासाठी राज्याराज्यात जाऊन पाठपुरावा केला. व्हर्जिनियानं काय केलं, कोर्टात दोषी ठरणाऱ्यांकडून फीसोबत काही डॉलर जास्त घ्यायचे आणि ते फक्त याच कामाच्या फंडात टाकायचे. रक्कम माणशी छोटी, पण दर वर्षी येणारी आणि दुसरीकडे वळवता न येणारी. मला यातून घेण्यासारखं वाटतं ते एवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं त्या कामाचं स्वतःचं खातं. ज्या कामाला बजेटमध्ये स्वतःचं लेखाशीर्ष नसतं ते काम दुसऱ्याच्या ताटातलं उरलंसुरलं खातं.

आता तुमच्या वर्गणीबद्दल. भावना समजते, पण कृपा करून पोलीस स्टेशनला पैसे किंवा सॉफ्टवेअर देऊ नका. एक तर तुम्ही स्वतः एका केसमध्ये फिर्यादीच्या बाजूचे आहात, उद्या आरोपीचा वकील कोर्टात विचारणार की ज्या साधनानं पुरावा काढला ते कुणाच्या पैशाचं होतं, आणि तिथं चांगली केस वाकडी होते. दुसरं, लायसन्सचा तोच प्रश्न, पुढच्या वर्षी कोण भरणार? मदत करायचीच असेल तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, वरिष्ठांच्या लेखी परवानगीनं मुलांशी बोलायच्या खोलीसाठी वापरता येतो. पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, युनिफॉर्म न घालता घ्यायचा असतो, पण खोली कुठली, तर पोलीस स्टेशनातली तीच रोजची, बाहेर आरोपीचे नातेवाईक बसलेत. एक शांत खोली, दोन खुर्च्या, पाण्याचा जग, दाराला पडदा. तिथं कुणाच्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवता येत नाही आणि मुलीला बोलायला सोपं जातं.

निवेदन जरूर द्या, पण 'सायबर पोलिसांना निधी द्यावा' असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. निवेदनाच्या आधी एक माहितीचा अधिकार टाका. आपल्याकडे अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा. केसची माहिती मागू नका, तपास चालू आहे म्हणून नाकारतील आणि ते बरोबरच आहे. मागायचं ते असं: गेल्या तीन आर्थिक वर्षांत सायबर पोलीस स्टेशनला कोणत्या लेखाशीर्षातून किती निधी आला, किती खर्च झाला, किती परत गेला, फॉरेन्सिक साधनांची लायसन्स कोणत्या तारखेपर्यंत वैध आहेत, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. आयुक्तालय आणि ग्रामीण एसपी ऑफिस वेगळे आहेत, सिडको शहरात येतं म्हणून अर्ज आयुक्तालयाकडे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

उत्तर हातात आलं की कुणाकडे काय मागायचं ते वेगळं करा, इथंच बहुतेक निवेदनं चुकतात. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. तिथून सहसा एकदाच्या खर्चाला पैसे मिळतात, साधनं, गाडी, खोली. महिला व बालविकासासाठी जिल्हा योजनेतला ३ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, मुलांची जबाब-खोली किंवा समुपदेशनाची सोय त्यात बसवता येते का हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना भेटून विचारा, प्रस्ताव त्यांच्याकडूनच जावा लागतो. पण दर वर्षाचं लायसन्स, डिस्क, प्रवास, कन्सल्टंटचा पगार हे आवर्ती खर्च, ते जिल्हा योजनेत मागितलं की फाईल परत येते. ते गृह विभागाच्या बजेटमध्येच यायला हवं आणि ते काम आमदारांचं. त्यांना सांगा की तारांकित प्रश्न टाका, लक्षवेधी लावा, पुरवणी मागण्यांच्या चर्चेत बोला. मार्चच्या अधिवेशनात मागून त्या वर्षी मिळणं कठीण असतं, खालून अंदाज वर जातात ते दिवाळीच्या आगेमागेच, त्यामुळे निवेदन गणपतीच्या सुमाराला द्या, पोलीस आयुक्तांनाही प्रत द्या म्हणजे त्यांच्या प्रस्तावाला तुमच्या कागदाचा आधार मिळतो. लोकांना वाटतं वरिष्ठांना अशी निवेदनं आवडत नाहीत. मला तर ती हवी असायची, कारण माझ्या प्रस्तावावर शेरा यायचा 'निकड स्पष्ट करावी', आणि पालकांच्या चाळीस सह्यांनी निकड जितकी स्पष्ट होते तितकी माझ्या चार पानांनी होत नव्हती.

निवेदनात पैसा नसलेल्या दोन गोष्टी पण टाका. मुलांच्या केसेस बघणाऱ्या प्रशिक्षित स्टाफला किमान तीन वर्षं हलवू नये, आणि बंदोबस्ताच्या काळातही त्यातले ठरावीक लोक जागेवरच राहावेत. याला सरकारचा एक रुपया लागत नाही. आणि तिसरं, जे अधिकारी हे फोटो-व्हिडिओ रोज बघतात त्यांच्यासाठी समुपदेशक. मी सहा वर्षं बघितलं. नाशिकरोडच्या घरी आल्यावर नातवाला अंघोळ घालायला मला नको वाटायचं, हे मी बायकोलाही कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं. चांगला माणूस या डेस्कवरून स्वतःहून बदली मागतो त्याचं कारण पुष्कळदा हे असतं, आणि तो गेला की त्याच्यावर केलेला ट्रेनिंगचा खर्चही गेला.

आता भाचीसाठी आत्ता काय करायचं. चार महिने झालेत ना, मग लेखी अर्ज द्या. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायची असते, त्याचा उल्लेख करा आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं. त्याच अर्जात विनंती करा की लॅबला प्राधान्यानं तपासणी करण्याचं पत्र वरिष्ठांकडून जावं, मूल पीडित आहे असं लिहिलेलं पत्र गेलं की फरक पडतो, प्रत्येक वेळी नाही, पण पडतो. रिपोर्टची वाट बघत चार्जशीट थांबायलाच हवं असंही नाही, बाकी पुरावा असेल तर चार्जशीट जाऊ शकतं आणि रिपोर्ट पुरवणी म्हणून मागून जोडता येतो. अकाउंट उघडणाऱ्याची माहिती कंपनीकडून मागवलीय का हे तेवढं विचारा, कारण आयटी नियमांत काढून टाकलेला मजकूर आणि त्याची माहिती कंपनीनं १८० दिवस ठेवायची असं आहे, तुमचे १२० गेले. ही एक गोष्ट उद्याच करा.

फोटो मॉर्फ केलेला आहे, खरा नाही, म्हणून केस हलकी आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोच्या व्याख्येत कॉम्प्युटरवर बनवलेली, बदललेली इमेजही येते. फोटो अजून कुठे दिसत असेल तर ग्रुपवर 'हे बघा काय चाललंय' म्हणून टाकू नका, चांगल्या हेतूनं फॉरवर्ड करणाराही अडकतो, पोलिसांना तक्रारीसाठी दाखवणं ही गोष्ट वेगळी. एनसीएमईसीची 'टेक इट डाऊन' नावाची सोय आहे, अठराच्या आतल्या मुलांसाठी, फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच मोबाईलवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो, मग ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. मुलीला रात्री झोप लागत नसेल तर बालकल्याण समितीकडून सपोर्ट पर्सन, म्हणजे केस चालू असताना मुलीला आधार देणारी व्यक्ती, मागा, तो तिचा हक्क आहे, १०९८ वर फोन केला तरी पुढचा रस्ता सांगतील. आणि तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा की यात तुझी काही चूक नाही, घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळं सांगा, मुली एकदा ऐकून विश्वास ठेवत नाहीत.

अर्जाचा आणि निवेदनाचा मसुदा झाला की इथं टाका, मी वाचून दुरुस्त्या सांगतो. टाकण्याआधी मुलीचं नाव, शाळा, बिल्डिंग आणि गुन्हा नंबर काढा, पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे तिची ओळख उघड होईल असं काही जाहीर करता येत नाही, आणि तुमच्या प्रश्नात शाळेचा जो उल्लेख आलाय तोही आत्ताच एडिट करून टाका.